सभा कोणी बोलवायची?

आमच्या संस्थेची घटना मी लिहिली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पहिल्या परिच्छेदाने. सभासद जेमतेम तीस-पस्तीस, काम वाचनाचं आणि चर्चेचं, बँकेतली शिल्लक हसण्यावारी न्यावी एवढी. पण उद्दिष्टांमध्ये विवेक, समता, विचारविनिमय सगळं हजर होतं. विचारविनिमय 'मुक्त' असावा की 'खुला' यावर दोन संध्याकाळी गेल्या. पुढची कलमं मात्र मी दुसऱ्या एका संस्थेच्या घटनेवरून एका बैठकीत उतरवली. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, वर्गणी, गणपूर्ती. कलम सात : 'सर्वसाधारण सभा अध्यक्ष बोलावतील.' टाइप केलं आणि कलम आठकडे वळले.

त्या चार शब्दांनी आम्हाला दोन वर्षं बसवून ठेवलं.

अध्यक्षांनी सभा बोलावलीच नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. हिशेब चोख, बोलणं गोड, कुणाच्या अडीअडचणीला सगळ्यांत आधी पोहोचणारे. विचारलं की म्हणायचे, "बघू." मराठीत 'नाही' म्हणायचा इतका सभ्य मार्ग दुसरा नाही. त्यांची मुदत एका वर्षाची होती, पण नवी निवड व्हायची सर्वसाधारण सभेत. अविश्वास ठराव आणायचा तर सभेत. घटना दुरुस्त करायची तर तीही सभेत. सगळ्या दारांची किल्ली एका खिशात, आणि तो खिसा मीच शिवून दिलेला.

आपल्या भाषेत घटना म्हणजे संविधानही आणि घडलेली गोष्टही. आमच्याकडे घटना होती, पण काहीच घडत नव्हतं.

तेव्हापासून देशांची संविधानं वाचताना मी उद्देशिकेवर फार रेंगाळत नाही. उद्देशिका आणि हक्कांची यादी कुठल्याही देशाची छानच असते. 1936 च्या सोव्हिएत संविधानाने भाषणाचं, वृत्तपत्रांचं, सभांचं आणि मिरवणुकांचंसुद्धा स्वातंत्र्य दिलं होतं. पुढच्या दोन वर्षांत तिथे लाखो माणसं पकडली गेली, लाखो मारली गेली. मी थेट आतली कंटाळवाणी पानं उघडते. सभागृह कोण बोलावतो, किती दिवसांत, त्याने नाही बोलावलं तर काय. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे तीन खांब शाळेत पाठ केलेले असतात, पण यातला एक खांब इतर दोघांपेक्षा विचित्र आहे हे कुणी सांगत नाही. सरकार रोज असतं. न्यायालय रोज असतं. कायदेमंडळ मात्र जमलं तरच असतं. मंत्री घरी झोपला तरी मंत्रीच. साडेपाचशे खासदार आपापल्या घरी असतील तर ती संसद नव्हे, ती साडेपाचशे माणसं.

त्यामुळे ज्याला संसद नकोशी असते त्याला ती मोडावी लागत नाही. न बोलावली की झालं.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला हे फार लवकर कळलं होतं. 2 मार्च 1629 ला त्याच्या हुकमाप्रमाणे हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती सभा तहकूब करून उठायला लागले, तेव्हा दोन सदस्यांनी त्यांना धरून परत खुर्चीत दाबून बसवलं. सभापती खुर्चीत आहेत तोवर सभा चालू, असा हिशेब. राजाचा दूत बाहेर दार ठोठावतोय, आत सभापती रडकुंडीला आलेत आणि त्यांच्या डोक्यावरून राजाच्या विरोधातले ठराव ओरडून मंजूर केले जातायत. हे वाचताना मला आमचे अध्यक्ष आठवले आणि क्षणभर फार बरं वाटलं, हे कबूल करते.

चार्ल्सने ती संसद बरखास्त केली आणि पुढची अकरा वर्षं बोलावलीच नाही. त्याला अडवणार कोण? संसद बोलावणं हा राजाचा अधिकार होता. दर वर्षी बोलवावी असे चौदाव्या शतकातले जुने कायदे होते, पण नाही बोलावली तर काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पैसा लागला की तो जुने विसरलेले कर उकरून काढी. किनाऱ्यावरच्या गावांनी युद्धकाळात जहाजांसाठी द्यायचा पैसा त्याने शांततेच्या काळात, समुद्र न पाहिलेल्या गावांकडूनही वसूल केला. शेवटी स्कॉटलंडशी युद्ध अंगावर आलं, पैसा पुरेना, आणि 1640 च्या एप्रिलमध्ये संसद बोलावणं भाग पडलं. ती तक्रारी मांडायला लागली म्हणून तीन आठवड्यांत घरी पाठवली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा बोलवावी लागली. या वेळी आलेली माणसं अकरा वर्षांचा हिशेब मनात घेऊन आली होती.

त्यांनी 1641 च्या फेब्रुवारीत जो कायदा केला, तो माझ्या मते राज्यशास्त्राच्या इतिहासातल्या सगळ्यांत प्रामाणिक कागदांपैकी एक आहे. पण त्याआधी आमच्या काकांबद्दल सांगायला हवं.

काका म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. दोन वर्षं झाल्यावर आम्ही चारपाच जण दुरुस्तीचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे बसलो होतो. मी मोठ्या समाधानाने वाचून दाखवलं : 'अध्यक्षांनी सहा महिन्यांत सभा न बोलावल्यास कार्यवाह ती बोलावतील.'

काका म्हणाले, "बरं. आणि कार्यवाहांनी नाही बोलावली तर?"

"तर एकतृतीयांश सभासदांनी सह्या करून बोलवायची."

"आणि एकतृतीयांश नाही जमले तर?"

"काका, मग संस्था हवीच कशाला?"

"ते मी नाही विचारलं गं. मी विचारलं, मग कोण बोलावणार?"

तेव्हा मला राग आला होता. म्हाताऱ्या माणसांना मोडता घालायची हौस असते, असं वाटलं. आता 1641 चा कायदा पाहा. संसद किमान तीन वर्षांतून एकदा भरलीच पाहिजे. राजाने बोलावली नाही तर लॉर्ड चॅन्सेलरने, म्हणजे राजाची मोहोर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, निवडणुकीचे आदेश काढायचे, आणि तसं करण्याची शपथ त्याने आधीच घेतलेली असायची. त्यानेही टाळलं तर उमरावांनी जमून, बारा जण असले तरी पुरे, आदेश काढायचे. उमरावही गप्प बसले तर प्रत्येक परगण्याच्या शेरीफने, नगराच्या प्रमुखाने आपापली निवडणूक घ्यायची. आणि त्यांनीही हात झटकले, तर मतदारांनी स्वतःच एकत्र यायचं आणि आपला प्रतिनिधी निवडून मोकळं व्हायचं. शिवाय जमलेली संसद पन्नास दिवस तिच्या संमतीशिवाय मोडता यायची नाही.

काकांचाच प्रश्न, पायरी पायरीने, थेट जमिनीपर्यंत नेलेला. प्रत्येक पायरीवर लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलंय की वरचा माणूस दगा देईल, किंवा घाबरेल, किंवा नुसताच 'बघू' म्हणेल. घटना लिहिणं म्हणजे काय हे मला कुठल्याही उद्देशिकेपेक्षा या उतरत्या शिडीने जास्त नीट सांगितलं. आणि शेवटच्या पायरीवर कोण उभं आहे तेही पाहण्यासारखं आहे. 'जनता सार्वभौम आहे' असं वाक्य त्या कायद्यात नाही. त्यात एवढंच आहे की बाकी सगळे पळाले तर उरलेलं काम तिचं.

नंतरच्या देशांनी हीच अडचण आपापल्या परीने सोडवली. अमेरिकनांनी 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या जॉर्जवर जे आरोप ठेवले, त्यांत एक असा आहे की तो प्रतिनिधिमंडळांच्या बैठका गैरसोयीच्या आणि लांबच्या ठिकाणी बोलावतो, म्हणजे सभासदांनी नुसत्या दमणुकीनेच मान तुकवावी. (छोट्या संस्थेत काम केलेल्या कुणालाही हा डाव ओळखीचा असेल.) म्हणून 1787 च्या संविधानात त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर वर्षाची बैठक ठेवलीच नाही, काँग्रेस वर्षातून एकदा तरी, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरेल, असं सरळ लिहून टाकलं. 1933 च्या विसाव्या दुरुस्तीने तो दिवस 3 जानेवारी, दुपारी बारा असा झाला. संविधानात घड्याळातली वेळ लिहिलेली पाहून मला बरं वाटतं. जर्मनीच्या 1949 च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे त्यांच्या संविधानात, एकतृतीयांश सदस्यांनी मागणी केली तर सभापतीला बुंडेस्टाग, म्हणजे तिथली संसद, बोलवावीच लागते. भारताच्या संविधानात कलम 85 : एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. समानतेच्या कलम 14 वर किंवा जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या 21 वर व्याख्यानं होतात. 85 वर झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण 85 नसतं तर 14 बद्दल सरकारला जाब विचारायला सभागृहच उघडं मिळालं नसतं.

एवढ्याने काम भागतं असं मात्र नाही. सोव्हिएत संविधानातही सर्वोच्च सोव्हिएत, म्हणजे तिथली संसद, वर्षातून दोनदा भरवायची तरतूद होती, आणि ती भरायचीही. हात एकमताने वर जायचे.

इंग्लंडमध्ये तर ती शिडी तेवीस वर्षंच टिकली. यादवी झाली, चार्ल्सचं डोकं उडालं, प्रजासत्ताक आलं आणि गेलं, दुसरा चार्ल्स गादीवर बसला आणि 1664 मध्ये संसदेनेच तो कायदा मागे घेऊन नवा केला. दर तीन वर्षांनी संसद भरावी हे वाक्य नव्या कायद्यात ठेवलं, पायऱ्या मात्र काढून टाकल्या. राजाचा अपमान होतो म्हणे. परिणाम असा की 1681 नंतर दुसऱ्या चार्ल्सने 1685 मध्ये मरेपर्यंत संसद बोलावली नाही. कायदा जिवंत होता, मोडला गेला, कुणी काही करू शकलं नाही, कारण 'आणि नाही बोलावली तर?' याचं उत्तर खोडलेलं होतं.

खरा तोडगा 1689 नंतर निघाला, आणि तो सभेबद्दल नव्हताच, पैशाबद्दल होता. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, आणि शांततेच्या काळात खडं सैन्यही नाही, असं ठरलं. सैन्याची शिस्त राखणारा कायदा थोड्या थोड्या मुदतीसाठीच मंजूर केला जाऊ लागला. मुदत संपली की पुन्हा संसदेच्या दारात. तेव्हापासून ब्रिटिश संसद दर वर्षी भरते. राजाला संसदेची आठवण राहावी म्हणून त्याच्या तिजोरीला वर्षाचं कुलूप लावलं. अर्थसंकल्प दर वर्षी का, पाच वर्षांचा एकदाच का नाही, याचं उत्तर अर्थशास्त्रापेक्षा या जुन्या भांडणात आहे. भारताच्या कलम 265 मध्ये कायद्याशिवाय कर नाही आणि 266 मध्ये कायद्याने मंजूर केल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही, तेही याच वंशातले.

आमच्या संस्थेचं तिथेच चुकलं होतं. अध्यक्षांना सभेकडून काहीच नको होतं. वर्गणी आजीव होती, एकदाच घेतलेली. ज्याला आपल्याकडून दर वर्षी काही मागावं लागत नाही, तो आपल्याला दर वर्षी कशाला भेटेल?

तिजोरीचं कुलूप उलटंही फिरतं, हे ओघाने सांगते. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ सभागृहाने सरकारच्या खर्चाची मंजुरी रोखून धरली, कोंडी फुटेना, आणि 11 नोव्हेंबरला राणीचा प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर-जनरलने निवडून आलेल्या पंतप्रधानालाच पदावरून काढलं. त्या देशाच्या संविधानात पंतप्रधान हा शब्दसुद्धा नाही. सगळा देश ज्या पदाभोवती फिरतो ते पद लिखित घटनेत गैरहजर! लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, हे काय लिहायचं, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. मलाही कलम सात लिहिताना तसंच वाटलं होतं.

आता न्यायालय. मी बरीच वर्षं न्यायालयाला भांडण मिटवणारा पंच समजत होते. 24 सप्टेंबर 2019 ने तो समज बदलला. ब्रिटनच्या सरकारने ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, ऐन धामधुमीत राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की संसदेला तिचं काम करण्यापासून सबळ कारणाशिवाय रोखता येत नाही, म्हणून तो सल्ला बेकायदा. स्थगितीचा आदेश घेऊन राणीचे प्रतिनिधी सभागृहात आले, तेव्हा त्यांच्या हातात जणू कोरा कागद होता, असं निकालात म्हटलंय. म्हणजे संसद पुन्हा बोलवायचीही गरज नव्हती. ती कधी उठलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी सदस्य येऊन आपल्या जागी बसले. ज्या देशात एकसंध लिखित संविधान नाही, तिथे हे घडलं. 1629 मध्ये सभापतीला खुर्चीत दाबून धरणाऱ्या दोघांना हा निकाल फार आवडला असता.

इथवर वाचून वाटेल की सभा भरली म्हणजे सगळं भरून पावलं. तसं नाही. न उठणारी सभा हा दुसरा रोग आहे. 1641 मध्येच त्या संसदेने आणखी एक कायदा करून घेतला, की आमच्या स्वतःच्या संमतीशिवाय आम्हाला कुणी बरखास्त करू शकणार नाही. मग ती बसूनच राहिली. बारा वर्षांनी, 20 एप्रिल 1653 ला, सेनापती क्रॉमवेलने शिपाई आणून उरल्यासुरल्यांना बाहेर काढलं. भारतात आणीबाणीच्या काळात 1971 साली निवडलेल्या लोकसभेने आपलीच मुदत वाढवून घेतली, आणि 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेचा कार्यकाळ पाचाचा सहा वर्षांचा केला; चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो पुन्हा पाचावर आला. तोवर मतदारांनी 1977 मध्ये आपलं काम केलेलं होतं. शिडीची शेवटची पायरी.

आणि जमलेल्या सभेने घटनाच बदलून टाकली तर? यावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेरा न्यायाधीश बसले होते. 24 एप्रिल 1973 चा केशवानंद भारती निकाल, सात विरुद्ध सहा : संसद दुरुस्ती करू शकते, मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताचा फरक. मूलभूत चौकट म्हणजे नेमकं काय, याची पूर्ण यादी त्यांनी दिली नाही. यादी दिली असती तर तिच्या बाहेरचं सगळं विक्रीला निघालं असतं, असं मला वाटतं. पण यादी नसल्यामुळे ती ठरवणारे न्यायाधीशच शेवटची पायरी होऊन बसतात, हा आक्षेपही मला खोडता आलेला नाही. डोकं सात-सहाने इकडे झुकतं, कधी सहा-साताने तिकडे.

आमची कोंडी कशी फुटली? सांगायला संकोच वाटतो. आम्ही अठरा जणांनी सह्या करून सभा बोलावली. कुठल्या कलमाखाली? कुठल्याच नाही. मी घटना लिहिणारी, आणि घटनेत नसलेल्या अधिकाराने नोटीस काढणारीही मीच. रात्री झोप लागेना, म्हणून पुन्हा पुस्तकं काढली, आणि मोठाच दिलासा मिळाला. 1689 मध्ये ज्या संसदेने हक्कांचा कायदा केला, ती राजाने बोलावलेली नव्हती. राजा पळून गेला होता. तिने नंतर आपण वैध संसद असल्याचा कायदा आपणच केला. अमेरिकेत जुन्या करारनाम्यात बदलाला तेराही राज्यांची संमती लागे. 1787 च्या मंडळींनी नव्या संविधानात लिहिलं, नऊ पुरेत. भारताच्या संविधान सभेचं बळ कायद्याच्या भाषेत 1947 च्या ब्रिटिश कायद्यातून आलं होतं, आणि तिने लिहिलेल्या संविधानाच्या शेवटच्या कलमाने, 395 ने, तो कायदाच रद्द केला. ज्या शिडीने वर आलो ती खेचून घेतली. पहिली सभा बोलावण्याचा अधिकार बहुधा कुणालाच नसतो. नंतर तो असल्यासारखं सगळे वागतात.

सभेच्या दिवशी अध्यक्ष आले. हातात पिशवी, नेहमीसारखे हसरे. दारात थबकले, आम्हाला पाहिलं, आणि शांतपणे जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. "गणपूर्ती झाली का?" त्यांनी विचारलं. झाली होती. ते खुर्चीत बसले आणि आमची बेकायदा सभा कायदेशीर झाली. कलम सात दुरुस्त झालं. काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. मी दोन मसुदे केले, दोन्ही फाडले. इतिवृत्तात फक्त 'चर्चा झाली' असं आहे.

पुढच्या निवडीत मला अध्यक्ष केलं. लिहिलंय तिनेच निस्तरावं, असं काका म्हणाले.

आज सहा महिन्यांची मुदत संपायला अकरा दिवस उरलेत. कार्यवाहांचा काल फोन आला, नोटीस काढायची का म्हणून. हिशेब अजून लावायचे आहेत, दोघेतिघे बाहेरगावी आहेत, वक्ता मिळालेला नाही, आणि खरं सांगायचं तर मागच्या सभेत माझ्या एका निर्णयावर जे बोललं गेलं ते मी अजून विसरलेले नाही. मी म्हटलं, "बघू."

फोन ठेवल्यावर ते मला ऐकू आलं. नोटीस समोर आहे. तारीख घातली, वेळ घातली, ठिकाण घालायचं राहिलंय. मला सोयीचं एक आहे, पण ते बाकीच्यांना लांब पडतं.